‘डू’ची कुळकथा : एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास



मराठी शाळेत इंग्रजीचा श्रीगणेशा केलेल्या प्रत्येकाला एक अडचण आठवत असेल. मराठीत ‘तो येतो’ याचा प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ लावला की काम झाले : ‘तो येतो का?’ नकार करायचा तर ‘तो येत नाही’. इंग्रजीत मात्र ‘ही कम्स’चा प्रश्न करायला घेतला की कुठूनसा ‘डझ’ हा शब्द वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो आणि ‘कम्स’ला लागलेला प्रत्ययही स्वतःकडे ओढून घेतो : ‘डझ ही कम?’ या ‘डझ’चा अर्थ काय, असे मास्तरांना विचारले की उत्तर ठरलेले असे : ‘त्याला अर्थ नसतो. तो घालायचा असतो.’ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलेल्या पिढ्यांनी तो तसाच घातला, आणि जो विसरला त्याच्या वहीवर लाल रेघ उमटली.

मास्तरांचे उत्तर चुकीचे नव्हते. प्रश्नातल्या आणि नकारातल्या या ‘डू’ला खरोखरच स्वतःचा अर्थ नाही. पण अर्थ नसलेला शब्द भाषेत शिरतो कसा, आणि एकदा शिरल्यावर त्याच्यावाचून वाक्यच अशुद्ध ठरावे इतका मानकरी होतो कसा, हा प्रश्न उरतोच. या लेखात त्याचे उत्तर शोधायचे आहे. बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत राहून मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचा या उत्तराशी काही जवळचा संबंध आहे. तो शेवटाकडे आपोआप दिसेल.

‘धा’ धातूचे गोत

विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी हे नाते शब्दाशब्दाने जुळवून पाहिले. त्या जुळणीत ‘डू’चा जो सख्खा भाऊ निघाला, तो ‘कृ’ नव्हे. तो निघाला ‘धा’ : दधाति, म्हणजे ठेवणे, स्थापणे. मुळातला ‘ध’ जर्मानिक भाषांत ‘ड’ होतो, हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये मांडला, आणि त्याप्रमाणे ‘धा’ आणि ‘डू’ एका घरातले ठरतात.

हे गोत मोठे आहे. आपल्याकडे विधी, निधी, संधी, समाधी, विधान, श्रद्धा, हित हे सगळे ‘धा’चे वंशज. तिकडे ‘डीड’ म्हणजे कृत्य, आणि ‘डूम’ हा शब्दही त्याच घराण्यातला. ‘डूम’चा जुना अर्थ होता घालून दिलेला कायदा, निवाडा. पुढे त्याला ‘अटळ नशीब’ हा अर्थ चिकटला. आता आपला ‘विधी’ पाहा. विधी म्हणजे घालून दिलेला नियम, आणि ‘विधिलिखित’मधला विधी म्हणजे दैव. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत एकाच धातूने ‘ठेवणे’पासून ‘नियम’ आणि ‘नियम’पासून ‘नशीब’ असा एकसारखा रस्ता धरला. जे एकदा वरून ठेवले गेले ते हलत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच असावा.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘डोन’ असे होते, आणि त्यात ‘ठेवणे, घालणे’ हा मूळ अर्थ शिल्लक होता. अंगावर वस्त्र चढवण्याला आजही जरा भारदस्त इंग्रजीत ‘डॉन’ म्हणतात, आणि टोपी उतरवण्याला ‘डॉफ’. हे ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ यांचे आक्रसलेले रूप आहे : अंगात घालणे आणि अंगातून काढणे. ‘ठेवणे’ या अर्थाचा ‘डू’ मागे एवढीच दोन-चार चिन्हे सोडून गेला.

करणे, भागणे, पाहून येणे

‘ठेवणे’चा ‘करणे’ झाला आणि या क्रियापदाला पाय फुटले. नेहमीच्या वापरातली छोटी क्रियापदे कोशकाराला फार छळतात. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदवले आहेत. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, आणि २०११ साली सुधारलेल्या नोंदीत ‘रन’चे ६४५ अर्थ झाले. ‘डू’ याच पंक्तीतला. इंग्रज माणूस केस ‘डू’ करतो, भांडी ‘डू’ करतो, तुरुंगात वर्षे ‘डू’ करतो आणि आठ दिवसांत पॅरिसही ‘डू’ करून येतो. शेवटचा प्रयोग ऐकून आपण हसतो, पण आपल्या आजीनेही काशी केली होती आणि शेजारच्या काकांनी चारधाम केले होते. भांडीही आपल्याकडे घासली जातात तशीच ‘धुणी-भांडी करणे’ या शब्दांत केली जातात.

‘दॅट विल डू’ म्हणजे ‘तेवढ्यावर भागेल’ किंवा ‘चालेल’. ‘हाउ डू यू डू?’ या अभिवादनात तर दोन ‘डू’ आहेत. पहिला अर्थशून्य, वाक्यरचनेपुरता. दुसरा ‘कसे चालले आहे’ या अर्थाचा. एकाच चार शब्दांच्या वाक्यात या क्रियापदाचे दोन जन्म शेजारी शेजारी उभे आहेत. त्यातला पहिला कसा झाला ते आता पाहू.

राजाने चर्च बांधले की बांधवले?

१०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीनशे वर्षे दरबार फ्रेंच बोलत होता. खाली जनतेच्या इंग्रजीत या काळात ‘डू’चा एक वापर वाढला : प्रयोजक क्रियापद म्हणून. ‘राजा डिड बिल्ड अ चर्च’ या धाटणीच्या वाक्याचा तेव्हाचा अर्थ होता ‘राजाने चर्च बांधवले’, म्हणजे दुसऱ्याकडून बांधून घेतले.

आता मराठी वाक्य घेऊ. ‘अहिल्याबाईंनी महेश्वरला घाट बांधला.’ इंदूरच्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. अहिल्याबाईंनी हातात थापी धरली नव्हती, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘बांधवला’ म्हणा की ‘बांधला’, समजते तेच. ज्या वाक्यांत करवणारा कोण आणि करणारा कोण हे संदर्भानेच स्पष्ट असते, तिथे प्रयोजक प्रत्यय ओझ्यापुरता उरतो. इंग्रजीत नेमके हेच घडले असावे, असे आल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने १९५३च्या आपल्या ग्रंथात मांडले. ‘डिड बिल्ड’ आणि ‘बिल्ट’ यांचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात एकच झाला. ‘डू’मधला ‘करवणे’ झिजून गेला आणि हाती राहिला नुसता सांगाडा.

हा रिकामा सांगाडा प्रथम कवींच्या उपयोगी पडला. तेराव्या शतकापासून, विशेषतः इंग्लंडच्या पश्चिम आणि नैऋत्य भागातल्या पद्यात, तो दिसू लागतो. ‘डू’ आधी आला की मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात ओळीच्या शेवटी नेता येते आणि यमक जुळवायला सोपे जाते. संस्कृत पद्यात च, वै, तु, हि हे शब्द पादपूरणासाठी येतात. इंग्रजी पद्यात तीच चाकरी काही काळ ‘डू’ने केली. गद्यात तो १४०० सालानंतर पसरला.

सोळाव्या शतकातली गर्दी

सोळाव्या शतकात या ‘डू’ची इंग्रजीत गर्दी झाली. प्रश्नात होता, नकारात होता आणि साध्या होकारी विधानातही होता. ‘मी जातो’ म्हणायला ‘आय गो’ चाले तसेच, कोणताही जोर न देता, ‘आय डू गो’ही चाले. दुसरीकडे जुनी रचनाही जिवंत होती : ‘नो यू हिम?’ आणि ‘आय नो हिम नॉट’. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. १६११ साली छापलेले किंग जेम्स बायबल जुन्या वळणाला अधिक धरून आहे.

म्हणजे ज्या ‘आय नो नॉट’वर आपल्या वहीत लाल रेघ येई, ते वाक्य चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये निर्दोष इंग्रजी होते.

पुढच्या दीड-दोनशे वर्षांत निवड झाली. एलेगोर्ड यांनी शेकडो ग्रंथांतली उदाहरणे मोजून दाखवले, की नवी रचना सगळीकडे एका वेळी रुजली नाही. नकारार्थी प्रश्नात ती आधी पक्की झाली, मग साध्या प्रश्नात, आणि सर्वांत शेवटी नकारार्थी विधानात. ‘नो’ म्हणजे जाणणे आणि ‘डाउट’ म्हणजे शंका घेणे यांसारखी रोजच्या तोंडातली काही क्रियापदे तर अठराव्या शतकापर्यंत जुन्या चालीनेच नकार घेत राहिली. त्याच सुमारास होकारी विधानातला बिनजोराचा ‘डू’ ओसरू लागला.

प्रश्नात आणि नकारातच तो का टिकला? इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झडून गेले होते. मराठीत ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ ही दोन्ही वाक्ये चालतात, कारण ‘ने’ आणि ‘ला’ कोण कोण आहे ते सांगतात. इंग्रजीत ते काम शब्दांच्या जागेवर येऊन पडले : आधी कर्ता, मग क्रियापद, मग लगेच कर्म. जुन्या प्रश्नरचनेत क्रियापद उठून कर्त्याच्या आधी जाई आणि हा क्रम मोडे. नकारात क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ‘नॉट’ शिरे. ‘डू’ पुढे घातला की तो उडी मारतो, प्रत्यय घेतो, ‘नॉट’चा धक्काही खातो, आणि खरे क्रियापद आपल्या कर्माला धरून जागच्या जागी राहते. रिकामा म्हणूनच तो या कामाला योग्य ठरला.

व्याकरणकारांची कैची

अठराव्या शतकात व्याकरणकार आले. होकारी विधानातल्या ‘डू’ला आधीच वाईट दिवस आले होते. अलेक्झांडर पोप यांनी १७११च्या समीक्षाविषयक काव्यात ओळ भरण्यासाठी ‘डू’ घालणाऱ्या कवींची थट्टा केली, आणि ती करताना त्याच ओळीत स्वतः ‘डू’ घालून दाखवला. जॉन्सन यांनी आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात हा अनावश्यक ‘डू’ सदोष ठरवला. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या व्याकरणात त्याला एक मानाची जागा दिली : विधानावर जोर देण्याची.

ही जोराची जागा मराठी माणसाला चटकन कळते, कारण ती आपल्या ‘च’ची आणि ‘की’ची जागा आहे. ‘आय डिड गो’ म्हणजे ‘अहो, गेलो होतो की!’ ‘डू कम’ म्हणजे ‘याच हं’. ‘डू सिट डाउन’ म्हणजे ‘बसा ना’.

जुना बिनजोराचा ‘डू’ मात्र एका ठिकाणी कैचीतून सुटला, आणि ते ठिकाण आपल्या घरातही आहे. कोर्टकचेरीची भाषा सहसा जुने टाकत नाही. तुम्ही कधी इंग्रजीतल्या प्रतिज्ञापत्रावर सही केली असेल, तर त्यात ‘डू हियरबाय डिक्लेअर’ हे शब्द वाचले असतील. तो ‘डू’ प्रश्नाचा नाही, नकाराचा नाही आणि जोराचाही नाही. सोळाव्या शतकात चालणारे हे नाणे आहे. पणजी किंवा बडोद्याच्या कोर्टाबाहेरचा टंकलेखक ते आजही चालवतो.

तो आणखी एका ठिकाणी सुटला, पण तिथे त्याला मान मिळाला नाही. इंग्लंडच्या नैऋत्येकडे, डॉर्सेट आणि सॉमरसेट भागातल्या शेतकऱ्यांच्या बोलीत होकारी ‘डू’ जिवंत राहिला, आणि त्याला नवा अर्थही आला : नेहमी घडणारी क्रिया. आपण ‘तो जायचा’, ‘ती करायची’ असे सवयीचे रूप वापरतो, तशी ती सोय. शाळेत अर्थातच ते गावंढळ इंग्रजी ठरले. विल्यम बार्न्स (१८०१–१८८६) हे डॉर्सेटचे शिक्षक आणि कवी. त्यांनी आपल्या बोलीत कविता लिहिल्या आणि १८६३ साली त्या बोलीचे व्याकरणही प्रसिद्ध केले. या बोलीला स्वतःचा नियम आहे, ती बिघडलेली इंग्रजी नाही, हे एका शाळामास्तराने व्याकरण लिहून दाखवून दिले.

परक्यांचे देणे

आता या कथेतला वादाचा भाग. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींकडे पाहिले तर प्रमाण जर्मनमध्ये, डचमध्ये, स्वीडिशमध्ये प्रश्न आणि नकार यांसाठी अशा सक्तीच्या ‘डू’ची चाल नाही. मग ती इंग्रजीतच का?

इंग्रजांचे पूर्वज पाचव्या शतकाच्या सुमारास ब्रिटनमध्ये आले, तेव्हा तिथे केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत होते. नव्यांनी त्यांना जे नाव दिले, त्यातून ‘वेल्श’ हा शब्द आला. त्याचा अर्थ ‘परके’, आणि जुन्या इंग्रजीत याच शब्दाने गुलामाचाही बोध होई. स्वतःच्या भूमीत हे लोक परके ठरले. त्यांच्या वेल्श भाषेत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मावळलेल्या कॉर्निश भाषेत, ‘मी पाहणे केले’ या धाटणीची वाक्ये फार सहज आहेत : ‘करणे’ हे क्रियापद चालवायचे आणि खरी क्रिया त्याच्या मागे ठेवायची. इंग्रजीत रिकामा ‘डू’ ज्या नैऋत्य भागात आधी दिसतो, तो कॉर्नवॉल आणि वेल्सच्या शेजारचाच. म्हणून काही अभ्यासकांनी, अलीकडे जॉन मॅक्‌व्हॉर्टर यांनी विशेष आग्रहाने, असे म्हटले की ही रचना इंग्रजांनी या ‘परक्यां’कडून घेतली.

विरोधकांचे आक्षेपही वजनदार आहेत. पहिला : इंग्रजीत केल्टिक शब्द अगदी थोडे आहेत. टेम्स, एव्हन अशी नद्यांची नावे राहिली, आणि ‘एव्हन’चा अर्थ तर नुसता ‘नदी’ इतकाच. ज्यांचे शब्द घेतले नाहीत त्यांचे व्याकरण कसे घेतले? दुसरा : जुन्या इंग्रजीच्या ग्रंथांत ही रचना दिसत नाही. ती उमटते तेराव्या शतकात, म्हणजे संपर्कानंतर आठशे वर्षांनी. तिसरा : उत्तर इटलीतल्या मोन्नो गावाच्या बोलीतही प्रश्नासाठी ‘करणे’ घालण्याची चाल आहे आणि तिथे वेल्श शेजार नाही. म्हणजे ही रचना आपोआपही उगवू शकते.

दुसऱ्या आक्षेपाला असे उत्तर दिले जाते की ग्रंथ लिहिणारे थोडे होते आणि एका ठरलेल्या वळणाने लिहीत. शेतातली बोली त्यांच्या लेखणीत येत नसे. नॉर्मन विजयानंतर ते वळण मोडले, तेव्हा लोकांचे बोलणे कागदावर आले. वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला मधला मार्ग पटतो : रचनेचे बीज इंग्रजीत होते, आणि जिथे शेजारच्या भाषेत तिच्यासारखीच वाट मळलेली होती, तिथे ते आधी रुजले.

कुपवाडचा दाखला

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र आपल्या अंगणात आहे. १९७१ साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. गावात जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत, इतर अनेक जण मराठी बोलत. बाहेर सगळ्यांना एकमेकांची भाषा लागे. पिढ्यान्‌पिढ्या असे चालल्यावर काय झाले? प्रत्येकाने आपले शब्द राखले आणि वाक्याचा साचा मात्र सर्वांचा एक होत गेला. प्रमाण कन्नडात ‘हे तुमचे घर’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कन्नडात मराठीसारखे ‘आहे’ येते. उर्दू आणि मराठीही आपापल्या ठिकाणी अशाच वाकल्या होत्या.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शब्द ही माणसाची दिसणारी ओळख असते. ती तो जपतो. वाक्याची चाल नकळत बदलते, कारण तिच्यावर कोणाचा पहारा नसतो. शब्द न घेता व्याकरण घेता येते, हे कुपवाडने दाखवून दिले. सहाव्या-सातव्या शतकात सॉमरसेटच्या एखाद्या खेड्यात काय झाले असेल, ते सांगणारा कागद नाही. कुपवाडच्या चावडीवर ते ऐकता येत होते.

आपल्या प्रमाण मराठीलाही हा हिशेब लागू आहे. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ यातला ‘म्हणून’ कन्नडातल्या ‘एंदु’सारखा चालतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिंदीने केलेला नाही, पण दक्षिणेच्या अनेक द्राविड भाषांत तो आहे. ज्याला आपण शुद्ध मराठी म्हणतो, तिच्या अंगावर जुन्या शेजाराच्या अशा खुणा आहेत. त्या जुन्या असल्याने आज दिसत नाहीत, एवढेच.

आणि ‘करणे’? इंग्रजीने रिकामा ‘डू’ प्रश्नाच्या दाराशी बसवला. मराठीने आपले ‘करणे’ वेशीवर बसवले. फारसी आली तेव्हा माफ करणे, कबूल करणे, जमा करणे, रवाना करणे, पसंत करणे झाले. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण ‘करणे’च्या या वाटेला कोणी हात लावला नाही. तिच्यातूनच पुढे ‘फोन करणे’ आणि ‘सेव्ह करणे’ आत आले. परका शब्द घ्यायचा, त्याच्या हातात ‘करणे’ द्यायचे, आणि काळ, पुरुष, लिंग, वचन सगळे मराठीच चालवायचे, ही आपली जुनी रीत आहे.

बेळगावकडची बाई ‘मी येतो’ म्हणते. नागपूरकडचा माणूस ‘काय करून राहिला?’ विचारतो. पुण्यामुंबईच्या पाहुण्यासमोर आपण असे काही बोलून गेलो की जीभ चावतो, आणि मुलांना सांगतो, ‘असे बोलू नये, ती अशुद्ध मराठी.’ पुढच्या वेळी तसे सांगण्याआधी ‘डू’ची आठवण ठेवावी, एवढीच विनंती. तो अर्थ हरवून बसलेला होता, कवींचा भरतीचा शब्द होता, व्याकरणकाराने त्याला सदोष ठरवले होते, आणि कदाचित तो ‘परक्यां’च्या शेजारातून बळावला होता. आज त्याच्यावाचून राजालाही इंग्रजीत साधा प्रश्न विचारता येत नाही. परीक्षेच्या वहीत प्रमाण मराठी लिहावी, त्याला पर्याय नाही. पण घरातल्या बोलण्याला अशुद्ध म्हणण्यापूर्वी ते कुठून आले, कोणाच्या शेजाराने आले, हे एकदा विचारून पाहावे. इतिहास बहुधा आपल्या आजीच्या बाजूने साक्ष देईल.